अंडरटेकरचा टेलिफोन

अंडरटेकर म्हटलं की होस्टेलवर कोणालाही आधी आठवतो तो रेसलिंगमधला, काळ्या हॅटवाला! पण मी ज्याच्याबद्दल लिहितोय तो अंडरटेकर खराखुरा होता. माणूस गेला की शवपेटीपासून दफनापर्यंत सगळी व्यवस्था बघणारा. नाव आल्मन ब्राऊन स्ट्रोजर. ऑपरेटरला न विचारता आपण थेट नंबर फिरवायला लागलो, त्याचं मूळ या माणसाच्या रागात आहे.

या नावाशी माझी गाठ पडली ती सुट्टीत. बाबांच्या छोट्या वर्कशॉपचा जुना ईपीएबीएक्स पावसाळ्यात वीज पडून गेला. दोन बाहेरच्या लाइनी, आठ एक्स्टेन्शन. पार्ट मिळेनात. मी ईअँडटीसीचा, त्यामुळे नवीन काय घ्यायचं ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी रुबाबात सांगितलं, आता फोन मशीनच उचलेल. विक्रीसाठी एक दाबा, हिशेबासाठी दोन दाबा. गेली बावीस वर्षं आमच्याकडे फोन घेणाऱ्या मावशी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं की मग आपलं काय काम राहणार? मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री एक्स्चेंजबद्दल वाचता वाचता स्ट्रोजर भेटला.

स्ट्रोजरचा जन्म १८३९ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या पेनफिल्डचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तो घोडदळात लढला, पुढे शाळामास्तर झाला आणि शेवटी अंडरटेकर. १८८० नंतरच्या दशकात त्याचं दुकान कॅन्सस सिटीत होतं. इंजिनिअरिंगचं शिक्षण? शून्य!

तेव्हा फोन लावणं म्हणजे ऑपरेटरला विनंती करणं. १८७८ साली न्यू हेवनला पहिलं व्यापारी एक्स्चेंज निघालं. आधी या कामावर पोरं होती, ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलत. म्हणून मग मुली आल्या. मुलगी बोर्डापुढे बसायची, कोण हवंय ते विचारायची आणि दोरीची पिन योग्य भोकात खुपसायची. थोडक्यात, तुमचा धंदा तिच्या हातात.

आणि इथेच घोटाळा झाला, असं सांगतात. गावातल्या दुसऱ्या अंडरटेकरची बायको म्हणे ऑपरेटर होती. कोणी स्ट्रोजरला मागितलं की ती फोन आपल्या नवऱ्याकडे जोडायची. कोणी म्हणतं बायको नव्हे, नातेवाईक. एका ओळखीच्या माणसाचं अंत्यकार्यही त्याच्या हातून निसटलं, अशीही गोष्ट आहे. दुसरी एक हकीकत मात्र वेगळीच आहे. तिच्यात म्हणे त्याच्याच दुकानाची पाटी वाऱ्याने हलून तारांना लागायची आणि लाइन शॉर्ट व्हायची. म्हणजे ऑपरेटर बिचारी निर्दोष!

खरं काहीही असो, स्ट्रोजरने ठरवलं की मधला माणूसच नको. कॉलर ठेवायचा गोल डबा, त्यात टोचलेल्या टाचण्या आणि मधोमध पेन्सिल, असं त्याचं पहिलं मॉडेल असल्याचं सांगतात. कल्पना साधी होती. प्रत्येक टाचणी म्हणजे एक ग्राहक आणि पेन्सिल म्हणजे फिरणारा हात. फोन करणाऱ्याने तारेतून विजेचे ठोके पाठवायचे, हाताने तेवढी पावलं चालून बरोबर टाचणीला टेकायचं. पुढे यातूनच जो सिलेक्टर तयार झाला, तो आधी वर चढतो आणि मग आडवा फिरतो. दहा मजले, मजल्यावर दहा घरं, म्हणजे शंभर नंबर. ४७ फिरवला की चार ठोक्यांत चौथा मजला, सात ठोक्यांत सातवं घर. डोकं नाही, पण भेदभावही नाही!

१२ मार्च १८८९ ला त्याने पेटंटचा अर्ज केला, १० मार्च १८९१ ला पेटंट मिळालं. त्याच वर्षी पुतण्या वॉल्टर आणि इतर साथीदारांबरोबर कंपनी निघाली. ३ नोव्हेंबर १८९२ ला इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात जगातलं पहिलं व्यापारी ऑटोमॅटिक एक्स्चेंज सुरू झालं, साधारण ७५ ग्राहकांचं. तेव्हा डायल नव्हती, बटणं मोजून दाबावी लागत. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. गोल डायल नंतर कंपनीतल्या कीथ आणि एरिक्सन बंधूंनी आणली.

आता वाटेल की गडी करोडपती झाला. छे! १८९६ साली त्याने पेटंट १,८०० डॉलरला विकली आणि १८९८ साली कंपनीतला हिस्सा १०,००० डॉलरला. मग तो फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला राहिला आणि १९०२ साली तिथेच वारला. १९१६ साली हीच पेटंट बेल कंपनीने २५ लाख डॉलरला घेतल्याचं सांगतात. गंमत म्हणजे ऑपरेटरचे बोर्ड सोडायला याच बड्या कंपनीने बराच वेळ लावला. तिचं पहिलं मोठं ऑटोमॅटिक एक्स्चेंज १९१९ सालचं, नॉरफोकचं. त्याआधीच, १९१३-१४ मध्ये, आपल्याकडे सिमल्याला ७०० लाइनींचं ऑटोमॅटिक एक्स्चेंज बसलं होतं! पुढे बेंगळुरूच्या आयटीआयमध्ये स्ट्रोजर एक्स्चेंज बनू लागली, आणि आपल्या आईबाबांनी ज्या काळ्या फोनची डायल फिरवली, त्याच्या पलीकडे बहुधा हाच खटखट करणारा सिलेक्टर होता.

मला मात्र ती पाटीची गोष्ट सोडत नाही. समजा, ती खरी असली तर? बिघाड तारेत होता आणि राग निघाला एका मुलीवर. आमच्याकडेही जळलं होतं ते कार्ड. मावशी तर कधीच बिघडल्या नव्हत्या! मी मात्र मशीनबरोबर त्यांनाही बदलायला निघालो होतो.

शेवटी नवीन सिस्टीम घेतलीच, कारण जुनी चालूच शकत नव्हती. पण बाबांना सांगून सेटिंगमध्ये एक बदल केला. पहिली रिंग मावशींच्या टेबलावर वाजते, त्यांनी उचलला नाही तरच मशीन बोलतं. हे कायम असंच राहील असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मित्रांनो, उद्या आपण कोणाची तरी सिस्टीम अपग्रेड करायला जाऊ, तेव्हा नक्की काय बिघडलंय ते आधी बघू. पाटी, तार, की माणूस?