सावकारी पाशाचा चित्रकार

पुणे जिल्ह्यातील सुपे हे गाव आज बारामती तालुक्यात मोडते. 12 मे 1875 रोजी, भर बाजारच्या दिवशी, येथील शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि हाती लागलेले कर्जरोखे व वह्या जाळून टाकल्या. इंदापूर, शिरूर, पुरंदर आणि पलीकडे नगर जिल्ह्यातील काही तालुके असा हा वणवा पसरत गेला. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. कागद हवाली करणाऱ्या सावकाराच्या अंगाला बहुधा कोणी हात लावला नाही. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत दख्खनचे दंगे म्हणून दोन परिच्छेदांत आटोपली जाणारी ही घटना पन्नास वर्षांपर्यंत सरकारी अहवालांची व कायदेपंडितांची मालमत्ता होऊन राहिली. त्या दंग्यांमागच्या दु:खाला पडद्यावर चेहरा दिला तो कोल्हापूरच्या एका मिस्त्रीने. बाबूराव कृष्णराव मिस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर हे त्याचे नाव.

3 जून 1890 रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या बाबूरावांना कला मिळाली ती घरच्या कारागिरीतून. लाकूड, धातू, दगड आणि रंग यांत हात चालणाऱ्या कुटुंबात ते वाढले. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले, आणि पेंटर हे धंद्याचे नाव आडनावासारखे चिकटले. फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र पाहिल्यावर दोघा भावांना चित्रपटाचे वेड लागले. विलायती कॅमेरा घेण्याइतका पैसा नव्हता, तेव्हा तो आपणच घडवावा असे त्यांनी ठरविले. आनंदराव 1916 साली अकाली निवर्तले. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी तो कॅमेरा 1918 साली पुरा केला. भांडवलाच्या अभावी कौशल्याने यंत्र निर्माण करण्याचे हे उदाहरण भारतीय उद्योगाच्या इतिहासात खरे म्हणजे अधिक ठळक अक्षरांत लिहिले जावयास हवे.

कौशल्याने यंत्र मिळते, कंपनी मात्र पैशावाचून उभी राहत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीला हा आधार मिळाला तो गायिका तानीबाई कागलकर यांच्याकडून; कोणा पेढीवाल्याकडून नव्हे. शाहू महाराजांचेही या उद्योगाला साहाय्य होते. 1920 साली सैरंध्री पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात झळकला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके जिवंत उतरले होते की, प्रेक्षकांतील काही स्त्रियांना मूर्च्छा आल्याचे सांगतात. पुढे ते दृश्य कापावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्यात हा आग्रह, रंगविलेल्या पडद्यांऐवजी खरेखुरे भासणारे नेपथ्य, 1923 च्या सिंहगडमध्ये वापरलेला कृत्रिम प्रकाश, प्रत्येक दृश्याची आधी काढलेली रेखाचित्रे, स्वत: रंगविलेली भित्तिपत्रके: या बाबी त्यांच्या नावावर नेहमी सांगितल्या जातात, आणि त्या खऱ्याही आहेत. परंतु ही सारी यादी पुराणकथा व इतिहासकथा यांच्या सेवेतील आहे. बाबूरावांचे मोठेपण 1925 सालच्या सावकारी पाश या मूकपटात आहे.

नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात देव नाही, किल्ला नाही, तलवार नाही. एक तरुण शेतकरी आहे. सावकाराच्या कचाट्यात त्याची जमीन जाते, आणि तो शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. ही भूमिका केली होती व्ही. शांताराम यांनी. अंधुक उजेडातली झोपडी आणि विव्हळणारा कुत्रा एवढ्याच सामग्रीवर बाबूरावांनी उभे केलेले दैन्य जे. बी. एच. वाडियांसारख्या, स्वत: अगदी निराळ्या वळणाचे चित्रपट काढणाऱ्या निर्मात्यालाही अनेक वर्षे विसरता आले नाही. जमिनीवरून निघून गिरणीच्या दारापर्यंत गेलेला हा प्रवास म्हणजे दख्खनच्या कोरडवाहू तालुक्यांचा अर्धा आर्थिक इतिहास होय. बिमल रॉय यांचा दो बिघा जमीन याच वाटेने गेला तो 1953 साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनंतर.

सावकार हा दुष्ट असतो, असे दाखविणे सोपे आहे. आणि बाबूरावांच्या कथेतही तो तसाच आहे. येथे मात्र थोडे थांबावयास हवे. इंदापूर तालुक्यात 1836 साली गोल्डस्मिड व विंगेट यांची जमीन मोजणी झाली आणि तीस वर्षांचा सारा ठरला. मुदत संपताच 1867 साली तो भरमसाट वाढविला गेला. मधल्या काळात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव चढले होते. ती यादवी 1865 साली संपली आणि भाव उतरले. रोखीने सारा मागणारे सरकार, उतरलेले भाव आणि कागद खरा मानणारे दिवाणी न्यायालय या तिघांच्या मधोमध सावकार बसला होता. पडद्यावर तो एकटाच दिसतो, बाकीचे दोघे दिसत नाहीत. अर्थात परकीय राजवटीत, सेन्सॉरच्या नजरेखाली, यापेक्षा अधिक दाखविणे कितपत शक्य होते हेही ध्यानात घेतले पाहिजे.

चित्रपट पैशाच्या दृष्टीने पडला. प्रेक्षकांना पुराण व इतिहास हवे होते. चित्रपटगृहे शहरांत, ज्याच्याविषयी ही कथा होती तो निरेकाठचा किंवा भीमेकाठचा शेतकरी तेथवर पोहोचणार कसा? शहरी प्रेक्षक तिकिटाचे पैसे देऊन गावाकडचे कर्ज पाहावयास तयार नव्हता. कंपनीची घडी पुढे विसकटली. 1929 साली दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. 1930 च्या लंका या चित्रपटानंतर बाबूरावही कंपनीपासून दूर झाले; काही काळातच ती बंद पडली. शिष्यांची संस्था भरभराटीस आली, गुरूची मावळली.

तरीही शालिनी सिनेटोनकडे आल्यावर बाबूरावांनी 1936 साली सावकारी पाश पुन्हा काढला, या वेळी बोलपट म्हणून. एकदा तोटा दिलेला विषय पुन्हा हाती घेणे व्यवहाराला धरून नव्हते. परंतु मधल्या अकरा वर्षांत जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते, आणि कर्जाचा बोजा मात्र रुपयांत तेवढाच राहिला होता. विषय जुना झाला नव्हता. मुंबई इलाख्यात शेतकरी कर्ज निवारणाचा कायदा आला तो 1939 साली.

पुढे 1947 च्या रामजोशी चित्रपटात ते शांतारामांबरोबर सहदिग्दर्शक होते. एके काळच्या नटाच्या संस्थेत, राजकमलमध्ये, गुरूने काम करावे यात त्यांना कमीपणा वाटल्याचे दिसत नाही. उरलेला वेळ चित्रे व शिल्पे यांत गेला. 16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहीत.

त्याच 1954 सालच्या डिसेंबरात गोरवाला समितीचा ग्रामीण पतपाहणी अहवाल प्रसिद्ध झाला. 1951-52 साली भारतीय शेतकऱ्याने घेतलेल्या कर्जांपैकी सहकारी संस्थांकडून आलेले कर्ज 3.1 टक्के, सरकारकडून 3.3 टक्के, आणि धंदेवाईक व शेतकरी सावकार मिळून सुमारे 70 टक्के, असा त्यातला हिशेब होता.