नॉर्बर्ट वीनर: ‘सायबर’ शब्दामागचा माणूस आणि त्याने नाकारलेलं काम

सायबर सेल, सायबर फ्रॉड, सायबर कॅफे. ‘सायबर’ हा शब्द आपल्याकडे इतका मुरलाय की तो आला कुठून, हा प्रश्नच पडत नाही. आणि तुम्ही सर्व्हर सांभाळायच्या कामात असाल, तर कुबर्नेटिस हे नाव रोजचंच. या दोन्हींचं मूळ एकाच ग्रीक शब्दात आहे. त्याचा अर्थ, होडीचं सुकाणू धरणारा.

1948 साली नॉर्बर्ट वीनर यांनी त्या शब्दावरून आपल्या नव्या शास्त्राला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिलं. होडी उजवीकडे भरकटली की सुकाणू थोडं डावीकडे, जास्त वळली की परत उजवीकडे. परिणाम बघायचा, चूक मोजायची, दुरुस्ती करायची. यालाच आपण फीडबॅक म्हणतो.

अकराव्या वर्षी कॉलेजात

वीनर यांचा जन्म 26 नोव्हेंबर 1894 चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातला. वडील लिओ वीनर हार्वर्डमध्ये स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक. मुलाला त्यांनी बराच काळ घरीच शिकवलं, तेही फार कडक शिस्तीत. मुलगा अकराव्या वर्षी कॉलेजात गेला, चौदाव्या वर्षी गणितात पदवीधर झाला आणि अठराव्या वर्षी हार्वर्डची पीएचडी घेऊन बाहेर पडला. पुढे केंब्रिजमध्ये बर्ट्रांड रसेल आणि गॉटिंगेनमध्ये डेव्हिड हिल्बर्ट यांच्याकडे शिकून 1919 मध्ये ते एमआयटीत रुजू झाले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण वेडेवाकडे हलत राहतात. या हालचालीला त्यांनी 1920 च्या दशकात काटेकोर गणिती रूप दिलं. ‘वीनर प्रोसेस’ नावाचं ते गणित आज शेअर बाजाराच्या मॉडेल्समध्येही वापरलं जातं.

विमान पाडायचं गणित

दुसरं महायुद्ध सुरू झालं. जमिनीवरून विमानावर तोफ डागायची तर अडचण साधी होती: गोळा वर पोहोचेपर्यंत काही सेकंद जातात, तेवढ्यात विमान पुढे निघून जातं. म्हणजे विमान आत्ता कुठे आहे यापेक्षा ते थोड्या वेळाने कुठे असेल, तिथे नेम धरायला हवा.

वीनर आणि इंजिनिअर ज्युलियन बिगेलो यांनी हे काम घेतलं. विमानाच्या आतापर्यंतच्या मार्गावरून पुढचा अंदाज कसा बांधायचा आणि मोजमापातला गोंगाट कसा वेगळा काढायचा, याचं गणित वीनर यांनी मांडलं. 1942 चा तो अहवाल गुप्त होता. त्याचं कव्हर पिवळं आणि आतलं गणित इतकं अवघड, की इंजिनिअर लोकांनी त्याला ‘पिवळं संकट’ असं नाव पाडलं. ते यंत्र काही रणांगणावर पोहोचलं नाही. पण ‘वीनर फिल्टर’ आजही आवाजातली खरखर आणि फोटोतला गोंगाट कमी करायला वापरतात.

याच कामातून आणखी एक प्रश्न निघाला. फीडबॅक प्रमाणाबाहेर गेला तर काय होईल? यंत्र दुरुस्ती करताना पलीकडे जातं, मग अलीकडे येतं आणि झोके घेत बसतं. माणसातही असं होतं का, हे वीनर यांनी शरीरशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूथ यांना विचारलं. होतं. लहान मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांचा हात ग्लास उचलायला जाताना असाच झोके घेतो. यंत्र आणि शरीर एकाच गणितात बसत होते. 1943 मध्ये या तिघांनी त्यावर निबंध लिहिला.

लक्ष्य कोण ठरवणार?

आता आपल्या घरातला गीझर बघा. पाणी किती तापलं ते तो मोजतो, कमी असेल तर कॉइल चालू करतो, पुरेसं झालं की बंद. पण 50 डिग्री हा आकडा त्याने ठरवलेला नसतो. तो बाहेरून येतो. विज्ञान लक्ष्यापर्यंत कसं पोहोचायचं हे सांगतं. ते लक्ष्य योग्य आहे का, हे त्या समीकरणात कुठेच नसतं.

ऑगस्ट 1945 मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले आणि वीनर यांच्यासाठी हा प्रश्न कागदावरचा राहिला नाही. 1946 च्या अखेरीस एका विमान कंपनीतल्या संशोधकाने क्षेपणास्त्रांच्या कामासाठी तो युद्धकाळातला अहवाल मागितला. वीनर यांनी नकार दिला आणि ते पत्र जानेवारी 1947 च्या अटलांटिक मासिकात छापूनही आणलं. त्यांचा मुद्दा असा: माहिती देणं ही निरुपद्रवी गोष्ट उरलेली नाही, तिचा वापर निःशस्त्र लोकांवर होणार असेल तर देणाराही त्यात भागीदार आहे. त्याच महिन्यात हार्वर्डमध्ये संगणकांवर परिषद होती. आयोजनात नौदल असल्यामुळे त्यांनी तिथूनही नाव मागे घेतलं.

याने क्षेपणास्त्रं थांबली का? नाही. तेच गणित 1949 मध्ये पुस्तकरूपाने सगळ्यांना मिळालंही. मग नकाराचा उपयोग काय? माझ्या मते उत्तर त्यांच्याच शास्त्रात आहे. परिणाम बघायचाच नाही असं ठरवलेला शास्त्रज्ञ म्हणजे फीडबॅकची वायर कापलेलं यंत्र. वीनर यांनी ती वायर जोडून ठेवली, आणि लष्करी पैशावर वाढणाऱ्या संशोधनापासून लांब राहायची किंमत मोजली.

प्रश्न फक्त शस्त्रांचा नव्हता. 1949 मध्ये त्यांनी वाहन कामगारांचे नेते वॉल्टर रॉयथर यांना पत्र लिहून स्वयंचलित कारखान्यांमुळे येणाऱ्या बेकारीचा इशारा दिला. इच्छा पुरवणाऱ्या माकडाच्या पंजाची गोष्ट ते उदाहरण म्हणून देत: बाप 200 पौंड मागतो, पैसे मिळतात, पण कारखान्यात मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून. यंत्रही तसंच, तुम्ही मागितलेलं देतं, तुमच्या मनातलं नाही. ‘स्क्रीनवरचा वेळ वाढव’ एवढंच लक्ष्य दिलेलं अल्गोरिदम काय करतं, ते आपण रोज बघतोच.

वीनर संत नव्हते. मन अस्थिर असायचं, आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला वॉरन मॅककुलोक यांच्यासारख्या जवळच्या सहकाऱ्यांशी त्यांनी तडकाफडकी संबंध तोडले.

आपल्याशीही त्यांचं नातं आहे. 1955-56 मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. मुंबईत जन्मलेले गणितज्ञ पेसी मसानी यांनी त्यांच्यासोबत अंदाजाच्या गणितावर काम केलं आणि 1990 मध्ये त्यांचं चरित्रही लिहिलं.

जानेवारी 1964 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते वीनर यांना राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. 18 मार्चला स्टॉकहोममध्ये त्यांचं निधन झालं. पुढच्या वेळी एखादं मॉडेल ट्रेन करताना किंवा फीचर बनवताना अचूकता किती टक्के हे जरूर बघा. त्याआधी एकदा हेही विचारा, की हे लक्ष्य ठरवलं कुणी, आणि ते गाठल्यावर कुणाचं काय होणार?