विश्लेषण : घरफोडीच्या एका बातमीतून ‘गोदरेज’चे कुलूप कसे घडले?

‘कडी-कोयंडा उचकटून घरफोडी’ ही ओळ मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांना नवी नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईतही घरफोड्यांच्या बातम्या छापून येत होत्या. त्यातील एक बातमी वकिली सोडलेल्या, पहिला धंदा बुडालेल्या आणि डोक्यावर कर्ज असलेल्या एका पारशी तरुणाच्या वाचनात आली. इतरांनी ती वाचून रात्री दाराची कडी एकदा जास्त तपासली असेल. आर्देशीर गोदरेज (१८६८-१९३६) यांनी मात्र कुलपांचा कारखाना काढला.

वकिली का सोडली?

आर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईत झाला. वडील बुर्जोरजी, सहा भावंडांत आर्देशीर थोरले. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. शिक्षण सुरू असतानाच त्यांचे लग्न झाले, पण संसार फार काळ टिकला नाही. २५ एप्रिल १८९१ रोजी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला. त्या प्रकरणाने त्या काळी सारे शहर हादरले होते. त्या दोघींपैकी एक आर्देशीर यांची पत्नी बाचूबाई होती. आर्देशीर तेव्हा जेमतेम २३ वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

पुढे वकिलीसाठी ते पूर्व आफ्रिकेतील झांझिबारला गेले. तिथे एका खटल्यात अशिलाच्या सोयीसाठी सत्याला मुरड घालण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी ती घातली नाही. असे वागून वकिलीत पोट भरणार नाही, हे लवकरच त्यांच्या लक्षात आले आणि १८९४ मध्ये ते मुंबईला परतले. अव्यवहारीपणा म्हणून ही गोष्ट सोडून देता येईल. पण कुलूप विकणाऱ्याच्या शब्दावर ग्राहक आपले घर सोपवत असतो, हे लक्षात घेतले तर पुढच्या धंद्याचे भांडवल इथेच जमा झाले होते.

पहिला धंदा कशामुळे बुडाला?

मुंबईत एका औषधविक्रेत्याकडे काम करत असताना त्यांना शस्त्रक्रियेची उपकरणे बनवण्याची कल्पना सुचली. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांनी त्यासाठी ३ हजार रुपये कर्जाऊ दिले. चिमटे, कात्र्या, शस्त्रक्रियेच्या सुऱ्या तयार झाल्या. दर्जाबद्दल तक्रार नव्हती. अडले ते शिक्क्यावरून. माल भारतात बनला आहे, असे त्यावर कोरलेले असावे, हा आर्देशीर यांचा आग्रह होता. देशी शिक्का दिसला तर कोणी घेणार नाही, असे माल विकत घेणाऱ्या इंग्रज मालकाचे म्हणणे. दोघेही हटले नाहीत आणि धंदा बंद पडला.

ती बातमी काय होती?

मुंबईत घरफोड्या वाढल्याचे आणि नागरिकांनी घरे व पेढ्या अधिक सुरक्षित कराव्यात असा इशारा पोलीस आयुक्तांनी दिल्याचे वृत्त आर्देशीर यांनी वाचले. १८९६-९७ चा तो काळ मुंबईसाठी एरवीही कठीण होता. १८९६ च्या सप्टेंबरात शहरात प्लेग उघडकीस आला आणि काही महिन्यांत लाखो माणसे गाव गाठण्यासाठी बाहेर पडली. गल्लोगल्ली दारांना कुलपे लागली. ती कुलपे एक तर परदेशातून आलेली आणि महाग, नाही तर हाताने घडवलेली. हातघडणीच्या दोन कुलपांच्या चाव्या सारख्या निघण्याचा धोका असे.

आर्देशीर यांनी कुलूपशास्त्राचे जमेल तेवढे वाचन केले आणि पुन्हा कामा यांच्याकडे गेले. एकदा पैसे बुडालेले असतानाही कामा यांनी दुसऱ्यांदा कर्ज दिले. त्यांच्या बॉईस नावाच्या भाच्याला धंद्यात भागीदार करून घेण्यात आले. बॉईस थोड्याच काळात बाहेर पडले. त्यांचे नाव मात्र ‘गोदरेज अँड बॉईस’मध्ये आजही आहे.

७ मे १८९७ रोजी लालबागला, गॅस कंपनीच्या शेजारी असलेल्या एका लहानशा शेडमध्ये डझनभर कारागिरांसह काम सुरू झाले.

चोरटे कुलूप कसे उघडतात?

घडवायच्या आधी आर्देशीर यांना हा प्रश्न सोडवावा लागला. लिव्हरच्या कुलपात धातूच्या पातळ पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात. चावीचा प्रत्येक दाता आपापली पट्टी ठरावीक उंचीपर्यंत उचलतो. सगळ्या पट्ट्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की अडसर सरकतो आणि कुलूप उघडते. एखादी पट्टी कमी उचलली गेली तरी कुलूप उघडत नाही आणि जास्त उचलली गेली तरी नाही. पट्ट्या जितक्या जास्त आणि घडण जितकी काटेकोर, तितके तारेने चाचपडणाऱ्याचे काम लांबते. चोराचा वेळ खाणे, हेच कुलपाचे खरे काम. रस्त्यावर दहा मिनिटे उभे राहणे त्याला परवडत नाही.

‘अँकर’ या नावाने निघालेल्या पहिल्या कुलपांसोबत हमीपत्र दिले जात असे. प्रत्येक कुलपाची चावी वेगळी आहे आणि एकाची दुसऱ्याला लागणार नाही, असे ते सांगत होते. न्यायालयात सत्य वाकवायला नकार देणाऱ्या माणसाने आता छापील शब्द दिला होता, आणि तो खोटा ठरवायला कोणालाही एक दुसरी चावी पुरेशी होती.

या कुलपांतही एक कच्चा दुवा राहिला होता. पट्ट्या जागेवर दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा. मुंबईच्या दमट हवेत त्या गंजतात, धुळीने अडकतात, वापरून ढिल्या पडतात. मग कुलूप अडते किंवा सहज फसते. स्प्रिंग नसलेले लिव्हर कुलूप गोदरेजने तयार केले आणि १९०९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्यात पट्ट्या वर नेण्याचे आणि खाली आणण्याचे काम चावीच करत असे.

चावीच परक्या हाती पडली तर?

घरफोडी झाल्यावर घरच्यांना सर्वात जास्त छळणारा प्रश्न हाच असतो. गेलेला ऐवज एक वेळ विसरता येतो. पण चोराकडे चावीची नक्कल असेल का, तो परत येईल का, या विचाराने झोप लागत नाही. दार फोडलेले नसेल, तर संशय ओळखीच्या माणसांवर जातो आणि घरातले वातावरण कायमचे बिघडते.

आर्देशीर यांच्या ‘गॉर्डियन’ कुलपाने नेमके इथे बोट ठेवले. त्याला दोन प्रकारच्या चाव्या होत्या. एक रोजच्या वापराची. दुसरी मालकाने जपून ठेवायची. रोजची चावी हरवली किंवा तिची नक्कल झाल्याचा संशय आला, की दुसऱ्या चावीने कुलपाच्या आतली मांडणी बदलता येई आणि जुनी चावी निरुपयोगी होई. कुलूप फेकून देण्याची गरज नव्हती. भाडेकरू सोडून गेल्यावर किंवा चावी हरवल्यावर लॅचची रचना बदलून घ्या, असा सल्ला आज दिला जातो. त्यामागचा विचार तोच आहे.

‘डिटेक्टर’ कुलूप आणखी पुढे जात होते. कोणी चुकीची चावी फिरवली तर ते अडकून बसे. मूळ चावीने ते पूर्ववत करावे लागे आणि कोणीतरी हात लावून गेल्याचे मालकाला कळे. ही कल्पना मुळात इंग्लंडमधली. पोर्ट्समथच्या गोदीत बनावट चाव्यांनी चोरी झाल्यानंतर जेरेमाया चब यांनी १८१८ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. घरफोडीच्या बातमीतून नवे कुलूप निघणे, हे मुंबईतच पहिल्यांदा घडले असे नाही.

तिजोरीकडे मोर्चा का वळला?

दाराचे कुलूप उत्तम असले तरी चोर चौकट फोडतो, कोयंडा उचकटतो. मजबूत कुलूप भुसभुशीत लाकडावर अडकवलेले असेल, तर त्याचा उपयोग शून्य. तिजोरीचेही तसेच. पत्रे जोडून केलेल्या तिजोरीचे कोपरे हीच तिची कमजोर जागा होती. आर्देशीर यांनी सुटे पत्रे जोडण्याऐवजी एकच पत्रा सोळा ठिकाणी वाकवून तिजोरीचा सांगाडा केला. चोराला पहार घालायला फटच उरू नये, हा हेतू. त्यांची पहिली तिजोरी १९०२ मध्ये बाजारात आली. आग लागली तरी आतले कागद शाबूत राहावेत, हा दुसरा हेतू होता.

धाकटे बंधू पिरोजशा १९०६ मध्ये धंद्यात आले आणि कारखान्याचा व्याप त्यांनी सांभाळला. आर्देशीर यांचे डोके नव्या वस्तूंत रमत राहिले. प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण बनवण्याचा प्रयोगही त्यांनी यशस्वी केला. कपडे धुण्याच्या त्या साबणाचे नाव होते ‘चावी’! लोखंडी कपाटे १९२३ पासून निघू लागली. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत दागिने, एफडीच्या पावत्या आणि ठेवणीतल्या साड्या ज्या ‘गोदरेजच्या कपाटात’ असतात, त्याची सुरुवात तिथली.

स्वदेशीबद्दल त्यांचे मत काय होते?

टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले, पण स्वदेशी म्हणून निकृष्ट माल ग्राहकाच्या गळ्यात मारणे त्यांना मान्य नव्हते. आधी वस्तू परदेशी वस्तूइतकी चांगली करा, मग देशाचे नाव घ्या, अशी त्यांची भूमिका होती. चळवळीच्या उत्साहात ती अनेकांना रुचली नसणार. कुलपाच्या बाबतीत तरी तिला पर्याय नाही. चोर कुलपावरचा शिक्का वाचत नाही.

१९२८ मध्ये सारा कारभार पिरोजशांच्या हाती देऊन आर्देशीर नाशिककडे शेती करायला गेले. आयुष्यातली शेवटची वर्षे त्यांनी तिथे काढली. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या तिजोरीची सर्वात कठोर परीक्षा पाहायला ते नव्हते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोट झाले. गोदामे आणि आसपासच्या वस्त्या दिवसचे दिवस जळत राहिल्या. आग विझल्यावर ढिगाऱ्यांतून गोदरेजच्या तिजोऱ्या बाहेर काढण्यात आल्या, आणि त्या उघडल्या तेव्हा आतले कागद वाचता येत होते.