सातवीत शाळा सोडलेला पोरगा तळेगावात आला आणि फक्त लेखणीवर जगून दाखवलं

साल होतं १९७७. त्या वर्षी मराठीत दोन सिनेमे आले आणि दोन्ही आजही लोकांच्या लक्षात आहेत.

पहिला जब्बार पटेलांचा 'जैत रे जैत'. नाग्या आणि चिंधी, म्हणजे मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. दुसरा राजदत्त यांचा 'देवकीनंदन गोपाला'. त्यात डॉ. श्रीराम लागूंनी गाडगेबाबा उभे केले.

एका सिनेमात डोंगरातले ठाकर आणि मधमाश्या, दुसऱ्यात हातात खराटा घेऊन गावं झाडणारा संत. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण दोन्हींच्या मागचा लेखक मात्र एकच होता. तळेगाव दाभाडे इथं राहणारे गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजेच गो. नी. दांडेकर.

किल्ले हिंडणारी पोरं त्यांना गोनीदा म्हणून ओळखतात. जवळच्या लोकांसाठी ते आप्पा होते. आणि अभिनेत्री मृणाल कुलकर्णी यांचे ते आजोबा.

या माणसाकडे पदवी नव्हती. पगाराची नोकरी नव्हती. शाळा तर सातवीतच सुटलेली. तरीही १९४७ साली त्यांनी ठरवलं की इथून पुढं जगायचं ते फक्त लेखनावर. लेखन हा छंद म्हणून ठीक आहे, पण घर चालवायला काय करता, असा प्रश्न लेखकाला आजही विचारला जातो. त्या काळात हा निर्णय किती धाडसाचा होता, याचा अंदाज त्यावरून येईल.

मग त्यांनी हे जमवलं कसं?

तेराव्या वर्षी घर सोडलं

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचा. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. डोंगराचं वेड तिथंच लागलं असं म्हणायला हरकत नाही.

वय वर्षं तेरा. देशात स्वातंत्र्य चळवळीचं वारं होतं. पोरानं शाळा सोडली, घर सोडलं आणि चळवळीत उडी घेतली. त्यानंतर बरीच वर्षं त्यांच्या पायाला भिंगरी लागलेली होती.

या भटकंतीत ते गाडगेबाबांकडे पोचले. बाबांचा दिनक्रम ठरलेला. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचं. बाबांचं कीर्तन म्हणजे समोरच्या माणसाशी त्याच्याच बोलीत मारलेल्या गप्पा. प्रश्न विचारायचा, लोकांकडून उत्तर काढून घ्यायचं आणि त्याच उत्तरात त्यांना पकडायचं. शाळा सुटलेल्या गोपाळला भाषेचं शिक्षण मिळालं ते असं. पुढं त्यांनी गाडगेबाबांचं चरित्र लिहिलं, त्यामागं हा सहवास होता.

साताऱ्याजवळच्या औंध संस्थानात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचं वेदवाङ्मयाचं मोठं काम चालायचं. गोनीदांनी तिथंही काम केलं. वेदान्ताचा अभ्यास केला. म्हणजे एकीकडे गाडगेबाबांची वऱ्हाडी आणि दुसरीकडे संस्कृत ग्रंथ, अशी दोन टोकं या एकाच माणसात एकत्र आली.

आणि मग नर्मदा परिक्रमा. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, पाण्याचा प्रवाह ओलांडायचा नाही, मिळेल ते खायचं आणि चालत राहायचं. ही वाट अडीच हजार किलोमीटरहून मोठी आहे. हातात पैसा नसताना, अनोळखी माणसांच्या भरवशावर ती चालायची असते.

लेखक होण्याआधी त्यांच्याकडे जमा झालेलं भांडवल ते हेच. माणसं, बोली आणि पायाखालून गेलेली वाट.

तळेगावच का?

लेखक व्हायचं तर पुण्यात किंवा मुंबईत राहायला हवं, असं तेव्हाही मानलं जायचं. प्रकाशक तिथं, मासिकं तिथं, समीक्षक तिथं आणि साहित्याच्या बैठकाही तिथंच.

गोनीदांनी घर केलं तळेगावला.

तळेगाव हे सेनापती दाभाड्यांचं गाव. पुणे-मुंबई रेल्वेमार्गावर असल्यानं पुण्यातल्या प्रकाशकाला भेटून संध्याकाळी घरी परतता येतं. पण गोनीदांसाठी त्याहून मोठी गोष्ट गावाच्या आजूबाजूला होती. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि थोडं पुढं राजमाची. जवळच इंद्रायणीकाठी तुकोबांचं देहू, आणि त्याच नदीवर खाली ज्ञानोबांची आळंदी.

थोडक्यात, गावाची वेस ओलांडली की गोष्ट सुरू.

या परिसरानं त्यांना काय दिलं ते पुस्तकांच्या नावांतच दिसतं. 'पवनाकाठचा धोंडी' ही १९५५ ची कादंबरी पवन मावळातली, तुंग किल्ल्याच्या अंगाखांद्यावरची. नंतर पवना नदीवर धरण झालं आणि खोऱ्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. आज तुंगच्या पायथ्याला जो जलाशय दिसतो, त्याच्या आधीचं मावळ या कादंबरीत शिल्लक आहे.

'माचीवरला बुधा' १९५८ ची. मुंबईचं जगणं सोडून एक म्हातारा राजमाचीच्या परिसरात एकटा राहायला येतो. सोबतीला झाडं, पाखरं आणि जनावरं. कादंबरीत म्हणावी अशी घटना फारशी नाही, तरीही वाचक त्या म्हाताऱ्याला सोडून उठत नाही.

बोलीचा निर्णय

पन्नासच्या दशकात मराठी साहित्यात नवकथेचं वारं होतं. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारखे लेखक कथेला नवं वळण देत होते. मनाच्या तळाशी काय चाललंय, शहरातलं तुटलेपण कसं असतं, याची चर्चा होती.

गोनीदा या प्रवाहात शिरले नाहीत. त्यांनी वेगळंच काम हाती घेतलं. ज्या भागातली गोष्ट, त्या भागातली बोली.

१९५३ साली 'शितू' आली. कोकणातली बालविधवा, लोकांनी कपाळकरंटी ठरवलेली. तिला आधार देणारे आप्पा खोत आणि त्यांचा मुलगा विसू. ओठांवर कधी न आलेल्या प्रेमाची ही गोष्ट वाचून मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्या रडल्या आहेत.

१९५५ ची 'पडघवली' तर त्याहून पुढं गेली. कोकणातलं एक गाव हळूहळू ओस पडतं, घरं बंद होतात, माणसं मुंबईची वाट धरतात. हे सगळं सांगते अंबावहिनी. तिच्या घरगुती कोकणी बोलीत, तिच्या स्वयंपाकघरातून आणि माजघरातून. विदर्भात जन्मलेल्या पुरुष लेखकानं कोकणातल्या बाईच्या तोंडून अख्खी कादंबरी सांगायची, हा जुगार होता. बोली जरा चुकली असती तर कोकणातल्या वाचकांनीच पुस्तक बाजूला ठेवलं असतं. तसं झालं नाही.

'पूर्णामायची लेकरं'मध्ये ते पुन्हा आपल्या वऱ्हाडात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात गेले. तिथं भाषा वऱ्हाडी झाली. 'जैत रे जैत'मध्ये कर्नाळ्याच्या परिसरातले ठाकर आले.

या वाटेची किंमतही मोजावी लागली. त्यांची माणसं फार भाबडी आहेत, त्यांचं गाव फार चांगलं आहे, असा आक्षेप घेतला गेला. तो पूर्ण चुकीचा होता असंही म्हणता येत नाही. गोनीदांचा ओढा श्रद्धेकडे आणि चांगुलपणाकडे होताच. पण वाचकांनी त्यांना सोडलं नाही, आणि फक्त लेखणीवर जगणाऱ्या माणसाला शेवटी आधार असतो तो वाचकांचाच.

विहीर आटली तर?

प्रत्येक लेखकाला एक भीती असते. विषय संपला तर? नोकरी असलेला लेखक दोन-चार वर्षं काही न लिहिता राहू शकतो. लेखन हीच रोजीरोटी असेल तर ती चैन परवडत नाही. त्यातून मराठी पुस्तकाची आवृत्ती ती केवढी? हजार-अकराशे प्रतींची. एका पुस्तकावर घर चालत नाही. लिहीतच राहावं लागतं.

आणि सतत लिहायचं म्हटलं की दुसरा धोका येतो. जे एकदा खपलं तेच पुन्हा लिहायचं. 'शितू' गाजली, मग दुसरी शितू लिहा, तिसरी लिहा.

गोनीदांच्या पुस्तकांची यादी पाहिली की त्यांचा उपाय लक्षात येतो. ते जागा बदलायचे.

कोकण झालं की मावळ. मावळ झालं की वऱ्हाड. मग थेट पंजाब. भाक्रा-नांगल धरण उभं राहत होतं आणि त्याच्यावर त्यांनी 'आम्ही भगीरथाचे पुत्र' लिहिली. गडकोटांत आणि देवळांत रमणारा लेखक सिमेंट-काँक्रीटच्या धरणावर कादंबरी लिहितो, ही गोष्ट तेव्हाच्या वाचकालाही नवी होती.

ते संतांकडेही वळले. ज्ञानेश्वरांवर 'मोगरा फुलला', तुकारामांवर 'तुका आकाशाएवढा', रामदासांवर 'दास डोंगरी राहतो'. आणि शिवकाळाकडेही. 'बया दार उघड', 'हरहर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची' आणि 'हे तो श्रींची इच्छा' अशा पाच कादंबऱ्या.

सोबत मुलांसाठी लेखन सुरूच. चरित्रं, पुराणकथा, प्रवासवर्णनं. मोठ्या साहित्यिकानं मुलांसाठी लिहिणं म्हणजे हलकं काम, असा भेद त्यांच्या यादीत दिसत नाही.

आणि या सगळ्यात न थांबलेली एक गोष्ट म्हणजे किल्ले. आज दर शनिवार-रविवारी गडांवर गर्दी असते. गोनीदा हिंडायचे तेव्हा ना वाटांवर पाट्या होत्या, ना मोबाईलवर नकाशा. अनेक वर्षं ते पुन्हा पुन्हा त्याच गडांवर जात राहिले. राजगड आणि रायगडावर विशेष जीव. 'दुर्गदर्शन', 'किल्ले', 'दुर्गभ्रमणगाथा' ही पुस्तकं त्यातूनच आली. 'रानभुली'सारखी रायगडच्या परिसरातली कादंबरीही.

स्वतःची गोष्ट सगळ्यात शेवटी

इथं एक गंमत आहे. गोनीदांकडे सगळ्यात भारी गोष्ट स्वतःचीच होती. घरातून पळालेला पोरगा, चळवळ, गाडगेबाबा, नर्मदा. दुसऱ्या एखाद्यानं लिहायला सुरुवातच तिथून केली असती.

त्यांनी घाई केली नाही. नर्मदेच्या परिक्रमेवर लिहिलं तेही कादंबरीच्या रूपात, आणि नाव दिलं 'कुणा एकाची भ्रमणगाथा'. चाललेला माणूस कोण, तर कुणी एक. स्वतःचं नाव शीर्षकातूनच बाजूला ठेवलं.

आपल्या भटक्या दिवसांची सविस्तर कहाणी आली ती 'स्मरणगाथा'मध्ये. तोवर कोकण, मावळ, वऱ्हाड असं सगळं लिहून झालेलं होतं आणि हात मुरलेला होता. १९७६ साली या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी ते दोन सिनेमे आले. आणि १९८१ साली अकोल्यात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

अकोला म्हणजे पुन्हा वऱ्हाड. ज्या मुलखात या माणसाचा जन्म झाला होता, त्याच मुलखानं त्याला मराठी साहित्याच्या सगळ्यात मोठ्या व्यासपीठावर बसवलं.

मागे काय राहिलं?

१ जून १९९८ रोजी गोनीदांचं निधन झालं. पण लेखक गेला की पुस्तकंही दुकानातून हळूहळू गायब होतात, तसं त्यांच्याबाबतीत झालं नाही. त्याचं मोठं श्रेय घरच्यांना जातं.

त्यांची अनेक पुस्तकं मृण्मयी प्रकाशनाच्या नावानं निघत राहिली. मुलगी डॉ. वीणा देव आणि जावई डॉ. विजय देव यांनी त्यांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे प्रयोग केले. रंगमंचावर नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. माणसं हातात संहिता घेऊन बसतात आणि वाचतात. प्रेक्षकांना दिसू लागते ती पडघवली, दिसतो तो माचीवरचा म्हातारा. ऐकून शिकलेल्या भाषेत लिहिलेली पुस्तकं पुन्हा ऐकवण्याच्या वाटेनंच लोकांपर्यंत गेली. वीणाताईंनी वडिलांवर 'आशक मस्त फकीर' हे पुस्तकही लिहिलं.

त्यांच्या नावानं दुर्गप्रेमींचं मंडळ उभं राहिलं आणि त्या मंडळानं दुर्ग साहित्य संमेलनं भरवली.

पावसाळ्यात लोणावळ्याहून राजमाचीला जाणाऱ्यांची आता रांग लागते. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांचे फोटो निघतात, रील बनतात, भजी खाऊन लोक परततात. त्यातल्या कुणाच्या पाठीवरच्या पिशवीत 'माचीवरला बुधा' असेल, तर त्यानं ती खाली माचीवर बसून उघडावी. पुस्तक लहानसं आहे. आणि त्यातलं प्रत्येक पान लिहिण्याआधी हा माणूस त्या वाटेनं चालून गेलेला आहे.