ताराबाई मोडक आणि कडेवरचे मूल

आषाढात धानाची रोवणी सुरू झाली की गोंदिया जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शिक्षकांना एक अनुभव हमखास येतो. पटावर नावे असलेल्या काही मुली वर्गात दिसेनाशा होतात. त्या आजारी नसतात आणि शिक्षणाला विटलेल्याही नसतात. आई बांधीतल्या चिखलात उतरलेली असते आणि धाकटे भावंड या मुलींच्या कडेवर असते, एवढेच त्याचे कारण. उपस्थितीविषयीची परिपत्रके अशा मुलीपुढे निरुपयोगी ठरतात. तिची शाळा सुटते ती घरातल्या पाळण्यामुळे. हे दुखणे ज्यांनी अचूक ओळखले आणि त्यावर एक सबंध संस्था उभी केली, त्या ताराबाई मोडक. बालशिक्षणाच्या प्रवर्तक म्हणून अध्यापन पदविकेच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव पाठ असते. संचालिका म्हणून त्यांनी नेमके काय केले, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत, केळकरांच्या प्रार्थनासमाजी घरात झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस आल्या. म्हणजे वऱ्हाडशी त्यांचा संबंध केवळ पुस्तकी नव्हता. हा संसार टिकला नाही आणि १९२१ साली त्या पतीपासून विभक्त झाल्या. पदरी लहान मुलगी होती. नोकरी करणाऱ्या बाईचे मूल दिवसभर कोणी सांभाळायचे, हा प्रश्न त्यांना इतरांच्या दुःखाकडे पाहून सुचला, असे म्हणण्याचे कारण नाही. पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. मानाची आणि स्वास्थ्याची ही जागा त्यांनी १९२३ साली सोडली आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या बरोबरीने त्या लहान मुलांत रमल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले.

येथवरची वाटचाल माँटेसरी पद्धतीच्या एका निष्ठावंत शिक्षिकेची होती. पण या पद्धतीचा मूळ इतिहास येथे आठवला पाहिजे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली पहिले बालगृह काढले ते रोममधील सान लोरेंझो या श्रमिक वस्तीतल्या एका चाळवजा इमारतीत. आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांची सोय लावणे, हा त्याचा मूळ हेतू होता. आपल्याकडे मात्र लाकडी ठोकळ्यांच्या महागड्या पेट्यांसह ही पद्धत सुखवस्तूंच्या अंगणात जाऊन बसली. शहरातील काही संस्थाचालकांना त्यात अद्यापि काही वावगे वाटत नाही, हा भाग वेगळा. ताराबाईंना ते वावगे वाटले. १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी गेल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ याच काळात त्यांच्या सहकारी झाल्या. बालवैधव्य सोसून स्वकष्टाने शिकलेल्या या शिक्षिकेने आपले उरलेले आयुष्य या कामाला दिले.

बोर्डीत पहिला धडा ताराबाईंनाच मिळाला. बालवाडी उघडली म्हणून मुले येतात असे नाही. तेव्हा बालवाडीच वस्तीत गेली. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, त्यांचे हातपाय धुवायचे आणि मग गाणीगोष्टी सुरू करायच्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द या व्यवहारातून जन्मला. शिंपले, बिया, खडे, काड्या यांनी महागड्या साधनांची जागा घेतली. मोजणे शिकायला खड्यांनीही भागते, हे ताराबाईंनी करून दाखवले.

१९५६-५७ च्या सुमारास केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे वारली आदिवासींच्या मुलांसाठी जी रचना त्यांनी केली, तीत त्यांचे संचालकपण खऱ्या अर्थाने दिसते. तिचे नाव विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच आवारात आणल्या. मोठी मुलगी भावंडाला घेऊन येई, तान्हे पाळणाघरात जाई, मधले बालवाडीत बसे आणि ती स्वतः वर्गात जाऊ शके. कडेवरचे मूल हा शाळेतला अडथळा होता. तेच मूल शाळेत येण्याचे निमित्त ठरले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली गेली आणि तिला कुरणशाळा हे साधे नाव मिळाले. वेळ, जागा आणि साधने ठरवताना आधी त्या घराचा दिवस कसा जातो ते पाहायचे, हा ताराबाईंच्या कारभाराचा क्रम होता. संचालिकेचे काम हजेरीपत्रके तपासणे आणि तक्ते भरणे एवढेच असते तर त्यांना टेकडीवर जाऊन राहण्याची गरज नव्हती. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, काम पुढे नेले.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडी हा त्यांचा शब्द तिच्याबरोबर देशभर गेला. त्यांची रचना मात्र त्याच्या मागोमाग गेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अंगणवाड्या प्राथमिक शाळांच्या आवारात आणण्याची शिफारस केली, तेव्हा अनेकांना ती नवी कल्पना वाटली. ती कोसबाडला काही दशकांपूर्वीच रुजली होती. फरक एवढाच की तिथे तिन्ही विभागांचा कारभार एका हाती होता. आज एकाच भिंतीला लागून असलेल्या अंगणवाडीची सेविका बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला उत्तरदायी असते, तर मुख्याध्यापक गटशिक्षणाधिकाऱ्याला. दोन्ही खाती जिल्हा परिषदेचीच. तरी अंगणवाडीची वेळ बदलण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला नाही आणि शाळेची वेळ बदलण्याचा सेविकेला नाही.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील गावांत याचा अर्थ लगेच कळतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात आया पहाटेच जंगलात जातात आणि नेमकी त्याच वेळी शाळेला उन्हाळी सुटी असते. रोवणीच्या दिवसांत आई दिवेलागणीला परतते. अंगणवाडी आणि शाळा दोन्ही त्याआधीच बंद झालेल्या असतात. शिवाय तीन वर्षांखालच्या मुलाला पोषण आहार मिळतो, पण दिवसभर सांभाळणारे कोणी मिळत नाही. शाळेच्या आवारात अंगणवाडीची खोली बांधायला निधी मंजूर होऊ शकतो. त्या खोलीत पाळणा टांगायचा की नाही आणि रोवणीच्या महिन्यात ती किती वाजता उघडायची, हे ठरवण्याचा अधिकार असलेली एखादी संचालिका या जिल्ह्यात नेमता येईल का, याचा विचार जिल्हा परिषदेच्या दोन्ही खात्यांनी एकत्र बसून येत्या आषाढाआधी करायला हरकत नाही.