विश्लेषण : पदवी तत्त्वज्ञानात, एम.ए. समाजशास्त्रात आणि डॉक्टरेट कवट्यांवर! इरावती कर्वे यांनी विषय कसे निवडले?

पदव्युत्तर प्रवेशाचा हंगाम आला की मानवशास्त्राला नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. हाडे-कवट्या आणि आनुवंशिकता शिकवणारे शारीरिक मानवशास्त्र घ्यायचे, की नातेसंबंध, जात, प्रथा यांचा अभ्यास करणारे सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र? पुरातत्त्व घ्यावे की भाषा? सुमारे शंभर वर्षांपूर्वी पुण्यातील एका विद्यार्थिनीसमोर हाच पेच होता. त्यांनी एकेक करत हे सगळेच विषय हाताळले आणि त्यातला एक तर मार्गदर्शकाचा रोष पत्करून. त्या म्हणजे इरावती कर्वे.

ब्रह्मदेशातून पुण्यात कशा आल्या?

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापूस कंपनीत नोकरीला होते. तेथील इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्यात हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवण्यात आले. तिथे त्यांची शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांच्या कुटुंबातच त्या राहू लागल्या. घरात पुस्तके आणि वादविवाद दोन्ही भरपूर होते. १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून त्यांनी तत्त्वज्ञान विषयात पदवी घेतली.

मग तत्त्वज्ञान का सोडले?

पदवीनंतर त्यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून इंग्रजी अमलात सुरू झालेली ही शिष्यवृत्ती. ती घेऊन त्या मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे गेल्या. घुर्ये मूळचे संस्कृतचे अभ्यासक. केंब्रिजला रिव्हर्स आणि हॅडन या मानवशास्त्रज्ञांकडे शिकून ते परतले होते आणि १९२४ पासून समाजशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यामुळे विभागाच्या पाटीवर समाजशास्त्र असले, तरी आत बरेचसे मानवशास्त्रच चालत असे.

इरावतीबाईंनी एम.ए.साठी विषय घेतला चित्पावन ब्राह्मणांचा, म्हणजे आपल्याच जातीचा. १९२८ मध्ये त्यांना पदवी मिळाली. याच काळात त्यांचा विवाह रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे.

बर्लिनला जाण्यास विरोध कोणाचा होता?

दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आले होते. पत्नीनेही तिथे जाऊन डॉक्टरेट करावी, असे त्यांना वाटत होते. विरोध केला तो अण्णांनी, म्हणजे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षी कर्वे यांनी! तरीही इरावतीबाई गेल्या. पैशाची सोय डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून झाली. हेच मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनच्या डाहलेम भागातील कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन संस्थेत दाखल झाल्या. ही संस्था १९२७ मध्येच सुरू झाली होती. संचालक होते ऑयगेन फिशर. जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतील मिश्रवंशीय लोकांवरील अभ्यासामुळे त्यांचे नाव झाले होते. १९३३ मध्ये ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि नाझींच्या वंशवादी धोरणाला त्यांनी शास्त्राचा आधार पुरवला.

कवट्यांचा प्रश्न नेमका काय होता?

माणसाची कवटी डावी-उजवीकडून तंतोतंत सारखी नसते. एक बाजू थोडी मोठी, थोडी वेगळी असते. यालाच असममिती म्हणतात. ही असममिती युरोपीय गोऱ्या लोकांत अधिक असावी आणि तिचा संबंध तर्कबुद्धीशी असावा, असा फिशर यांचा कयास होता. तो खरा ठरला असता, तर बुद्धीची उतरंड हाडांवरच मोजता आली असती.

इरावतीबाईंना हाच विषय मिळाला. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यात आफ्रिकेतील जर्मन वसाहतीतून आणलेल्या कवट्याही होत्या. निष्कर्ष असा निघाला, की असममिती सर्वच गटांत आढळते आणि वंशाशी तिचा संबंध दिसत नाही.

हे लिहिणे सोपे नव्हते. परदेशी विद्यार्थिनी, डोक्यावर कर्ज, परकी भाषा आणि परीक्षक तोच, ज्याचा कयास आपण खोडून काढतो आहोत. आकडे थोडे इकडचे तिकडे लावून मार्गदर्शकाला हवे ते उत्तर देण्याचा मोह कोणालाही झाला असता. इरावतीबाईंनी मोजमापातून निघाले तेच मांडले. फिशर यांनी प्रबंध मंजूर केला, पण श्रेणी कमी दिली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

परतल्यावर त्या शिक्षणाचे काय झाले?

लगेच तरी फारसे काही नाही. मानवशास्त्रज्ञाला नोकरी देणाऱ्या जागा तेव्हा देशात मोजक्याच होत्या. १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी एसएनडीटी महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले आणि तिथे त्या समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या. निवृत्तीपर्यंत त्या तिथेच राहिल्या.

इथे सगळे जुने विषय एकत्र आले. बर्लिनला शिकलेली मोजमापे घेऊन त्यांनी महाराष्ट्रातील जातीजमातींचा अभ्यास केला. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेतील लांघणज येथील अश्मयुगीन स्थळावर काम केले. संस्कृतचा उपयोग महाभारतातील नात्यांचे शब्द तपासण्यासाठी झाला.

घुर्ये यांच्याशी मतभेद कशावरून?

एकाच मोठ्या जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, असे घुर्ये मानत. इरावतीबाईंचे म्हणणे उलट होते. ज्यांना आपण पोटजाती म्हणतो ते मुळात वेगवेगळे गट असून ते नंतर एका नावाखाली आले, असे त्या मांडत. चित्पावन आणि देशस्थ दोघेही ब्राह्मण म्हणवतात, म्हणून त्यांचे मूळ एकच, असे त्या गृहीत धरत नसत. म्हणजे दुसऱ्या गुरूशीही त्यांचे जमले नाही!

मात्र कवटी आणि नाकाची मोजमापे घेऊन जातींची तुलना करण्याची पद्धत त्यांनी पुढेही बराच काळ वापरली. वंशश्रेष्ठत्व नाकारणाऱ्या अभ्यासकाने त्याच शाखेची साधने हातात ठेवावीत, यावर आजचे संशोधक टीका करतात.

त्यांचे सर्वात मोठे काम कोणते?

१९५३ मध्ये आलेला भारतातील नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथ. त्यात देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग केले आहेत. उत्तरेत लग्न लांबच्या, अनोळखी घरात लावण्याकडे कल. दक्षिणेत मात्र ओळखीच्या नात्यातच सोयरीक. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. इथे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, पण आत्याची चालत नाही. घरोघरी ठाऊक असलेल्या या गोष्टीचा नकाशा त्यांनी देशभर मांडून दाखवला.

मराठी वाचकांना त्या ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’ आणि ‘युगान्त’मुळे अधिक माहीत आहेत. महाभारतातील व्यक्तिरेखांवरील ‘युगान्त’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

शेवट कुठे झाला?

कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांची पाहणी हे त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक. जाई निंबकर यांच्यासोबत केलेली ही पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात कवट्या नव्हत्या, की संस्कृत शब्दही नव्हते. कोणाची जमीन गेली, बदल्यात काय मिळाले, भाऊबंद कुठे पांगले, एवढेच विचारायचे होते. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाईंचे पुण्यात निधन झाले.