जॅक लंडनचा उत्तरेकडील हिवाळा

एखाद्याने हाती आलेल्या चांगल्या गोष्टीचा नाश केला, तर त्याने सोन्याची माती केली असे आपण म्हणतो. उलट, एखाद्याच्या हातून क्षुल्लक गोष्टही मोलाची झाली, तर त्याने मातीचे सोने केले असे म्हणतो. जॅक लंडन हा अमेरिकन लेखक तरुणपणी सोने शोधण्यासाठी उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशात गेला आणि जवळजवळ रिकाम्या हाताने परत आला. परंतु त्या एका हिवाळ्यात त्याने जे पाहिले, ऐकले आणि सोसले, त्याचेच पुढे सोने झाले. ते कसे, हे या पाठात पाहू.

जॅकचा जन्म १२ जानेवारी १८७६ रोजी सॅन फ्रान्सिस्को या शहरी झाला. घरची स्थिती अत्यंत गरिबीची होती. लहानपणीच त्याला वर्तमानपत्रे विकावी लागली. पुढे डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात ताशी दहा सेंट मजुरीवर तो दिवसाचे बारा-बारा तास, आणि कधी त्याहूनही अधिक वेळ, राबत असे. सतराव्या वर्षी तो सीलची शिकार करणाऱ्या एका जहाजावर खलाशी म्हणून चढला व जपानच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आला. इतक्या धकाधकीतही त्याने वाचनाचा नाद सोडला नाही. ओकलंड शहरातील सार्वजनिक ग्रंथालय हीच त्याची खरी शाळा होती. सन १८९६ मध्ये तो विश्वविद्यालयात दाखल झाला. पण पैशाअभावी काही महिन्यांतच त्याला शिक्षण सोडावे लागले. लेखक होण्याची त्याची तीव्र इच्छा होती. तथापि त्याने पाठविलेले लेख साभार परत येत, आणि पोटासाठी त्याला धुलाईखान्यात इतरांचे कपडे धुवावे व इस्त्री करावे लागत.

अशा वेळी, जुलै १८९७ मध्ये, एका वार्तेने सारी अमेरिका हलवून सोडली. कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन नावाची महानदी आहे. तिला मिळणाऱ्या क्लोंडाइक नदीच्या एका ओढ्यात आदल्या वर्षी, म्हणजे ऑगस्ट १८९६ मध्ये, सोने सापडले होते. ते सोने घेऊन पहिली जहाजे अमेरिकेच्या बंदरांना लागली मात्र, लोकांना जणू वेड लागले! कारकुनांनी कचेऱ्या सोडल्या, दुकानदारांनी दुकाने विकली. सुमारे एक लाख माणसे उत्तरेची वाट चालू लागली. त्यांपैकी जेमतेम तीस-चाळीस हजारच तेथे पोचू शकली.

जॅकही निघाला. त्याच्या सावत्र बहिणीने आपले घर गहाण टाकून पैसा उभा केला. २५ जुलै १८९७ रोजी आपल्या वयस्क मेहुण्यासह जॅक जहाजावर चढला. त्याचे वय त्या वेळी अवघे एकवीस वर्षांचे होते.

अलास्काच्या किनाऱ्यावर उतरल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. पुढे चिलकूट नावाची सुमारे साडेतीन हजार फूट उंचीची खिंड आडवी होती. पलीकडच्या प्रदेशात धान्य पिकत नव्हते आणि बाजारही नव्हते. म्हणून प्रत्येकाला वर्षभर पुरेल इतके पीठ, घेवड्याच्या शेंगांचे दाणे, खारवलेले मांस, तंबू, अवजारे व उबदार कपडे बरोबर न्यावे लागत. हे सारे ओझे एका खेपेत नेणे कोणालाच शक्य नव्हते. माणसाने मणभर ओझे पाठीवर घ्यावे, मैलभर चालावे, ते तेथे ठेवावे, रिकाम्या हाती परत यावे व पुन्हा दुसरे ओझे उचलावे, असा क्रम होता. मैलभर पुढे सरकण्यासाठी कित्येक मैल चालावे लागे. मेहुण्याला हे श्रम झेपले नाहीत. तो अर्ध्या वाटेवरूनच माघारी फिरला. त्या प्रदेशातील त्लिंगिट जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या या खिंडीतून ये-जा करीत आले होते, आणि ओझी वाहण्यात त्यांचा हातखंडा होता. परंतु मजुरीला पैसे कोठून आणावे? जॅकने इतर सोबत्यांसह आपले ओझे स्वतःच वाहिले.

खिंडीपलीकडे लिंडमन सरोवर होते. तेथे जॅक व त्याचे सोबती यांनी झाडे तोडली, फळ्या कापल्या व नावा तयार केल्या. हिवाळा तोंडावर आला होता. नदी गोठण्यापूर्वी पोचले पाहिजे, नाहीतर वाटेतच अडकून पडावे लागेल, हे सर्वजण जाणून होते. मार्गात माइल्स कॅनियन ही अरुंद घळ आणि व्हाइट हॉर्स नावाचा भयंकर खळाळ लागला. पुष्कळ लोक भीतीने नावा रिकाम्या करून सामान काठाने वाहून नेत. पण त्यात बहुमोल दिवस खर्ची पडत. जॅकने लहानपणापासून समुद्र पाहिला होता. त्याने सुकाणू हाती घेतले व नाव सुखरूप पार नेली. इतकेच नव्हे, तर परत येऊन एका जोडप्याचीही नाव त्याने त्या खळाळातून काढून दिली.

९ ऑक्टोबर १८९७ रोजी ही मंडळी स्ट्यूअर्ट नदीच्या मुखाजवळील एका बेटावर पोचली. तेथून डॉसन हे खाणवाल्यांचे गाव सुमारे ऐंशी मैल दूर होते. बेटावरील जुन्या लाकडी झोपड्यांत त्यांनी हिवाळ्याची सोय केली. जवळच्या हेंडरसन ओढ्यावर जॅकने आपला हक्क निवडला व नोव्हेंबरात डॉसनला जाऊन त्याची रीतसर नोंद केली. डॉसन येथे त्याने ज्यांच्या झोपडीजवळ मुक्काम केला, त्यांच्यापाशी एक मोठा, देखणा व शहाणा कुत्रा होता. त्याची आणि जॅकची गट्टी जमली.

उत्तरेत नव्याने येणाऱ्या माणसाला तेथे चीचाको, म्हणजे नवखा, असे म्हणत. जुन्या, मुरलेल्या लोकांना मात्र आंबट पीठवाले असे नाव होते. आपण दह्यासाठी जसे विरजण जपतो, तसे हे लोक भाकरीसाठी आंबवलेले पीठ जिवापाड जपत; त्यावरून हे नाव पडले. ज्याने युकॉन नदी गोठताना आणि पुन्हा फुटताना पाहिली, तोच नवखेपणातून सुटला, अशी तेथील समजूत होती.

त्या दोन घटनांच्या मध्ये होता तो दीर्घ हिवाळा! सूर्य दिवसातून जेमतेम चार तास दिसे. शून्याखाली चाळीस अंश इतकी थंडी पडली, म्हणजे उष्णतामापकातील पारासुद्धा गोठून घट्ट होई. जमीन दगडासारखी कठीण झालेली असे. सोने शोधायचे तर आधी जमिनीवर जाळ करावा, ती थोडी मऊ झाली की खणावी, आणि पुन्हा जाळ करावा. अशा थंडीत ओल्या पायाने चालणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण! अनुभवी माणसे एकट्याने दूर जात नसत आणि आगपेटीला जिवासारखी जपत. अंगावर कोणते कातडे घालावे, कुत्र्यांना गाडीला कसे जुंपावे, हे ज्ञान तेथील मूळ रहिवाशांनी शतकानुशतकांच्या अनुभवातून मिळविले होते. नवख्यांनी ते शिकावे, नाहीतर प्राणास मुकावे, असा तो रोकडा व्यवहार होता.

जॅकला सोने मिळाले नाही. परंतु रात्री शेकोटीभोवती शिकारी, खाणवाले, टपाल नेणारे अशी नाना तऱ्हेची माणसे जमत. जॅक वादविवादात पटाईत होता, आणि तितकाच उत्तम श्रोताही होता. मैलोगणती बर्फ तुडविलेल्या त्या माणसांच्या कहाण्या तो मनात साठवीत गेला. उरलेल्या वेळी बरोबर आणलेले डार्विन व मिल्टन यांचे ग्रंथ तो वाची. २७ जानेवारी १८९८ या दिवशी त्याने झोपडीच्या ओंडक्यावर आपले नाव लिहिले आणि पुढे आपण खाणवाले व लेखक असल्याची नोंद केली. त्या दिवशी त्याच्या नावावर एकही पुस्तक नव्हते!

वसंत ऋतूच्या सुमारास एका निराळ्याच शत्रूने त्याला गाठले. कित्येक महिन्यांत ताजी भाजी वा फळ पोटात गेले नव्हते. ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे त्याला स्कर्व्ही हा रोग जडला. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, चालणे कठीण झाले. मे महिन्यात नदीचे बर्फ कडाडून फुटले. जॅक डॉसनला आला आणि जून १८९८ मध्ये दोन सोबत्यांसह एका लहानशा उघड्या नावेतून युकॉनच्या मुखाकडे निघाला. सुमारे पंधराशे मैलांचा तो प्रवास त्याने आजारी अवस्थेत केला. वाटेत अँविक या ठिकाणी त्याला ताजे बटाटे व टोमॅटो मिळाले. सोन्याच्या खाणीपेक्षाही ते मोलाचे वाटले, असे त्याने आपल्या रोजनिशीत नमूद केले आहे. पुढे जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकण्याचे काम करीत तो घरी परतला. त्याच्याजवळ जी सोन्याची भुकटी होती, तिची किंमत साडेचार डॉलरच्या आसपास भरली.

घरी दुःखद वार्ता वाट पाहत होती. त्याला पोटच्या मुलाप्रमाणे वाढविणारे सावत्र वडील तो दूर असतानाच निवर्तले होते. आईचा भार आता त्याच्यावर पडला. त्याने टपालखात्याची परीक्षा दिली व तो उत्तीर्णही झाला. परंतु नोकरीचे बोलावणे आले तेव्हा लेखणी सोडायची नाही असा निर्धार त्याने केला. जानेवारी १८९९ मध्ये उत्तरेच्या जीवनावरील त्याची पहिली कथा प्रसिद्ध झाली. तिचे त्याला केवळ पाच डॉलर मिळाले. पुढच्याच वर्षी त्याचा पहिला कथासंग्रह निघाला. सन १९०३ मध्ये ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ ही कादंबरी बाहेर पडली आणि त्याचे नाव जगभर झाले. तिचा नायक बक हा कुत्रा आहे. डॉसनमधील तो देखणा सोबतीच बकच्या रूपाने अमर झाला. सन १९०६ मध्ये ‘व्हाइट फँग’ ही कादंबरी आली.

सन १९०८ मध्ये त्याची ‘टू बिल्ड अ फायर’ ही विख्यात कथा प्रसिद्ध झाली. भयंकर थंडीत एक नवखा मनुष्य अनुभवी वृद्धाचा उपदेश हसण्यावारी नेतो व हेंडरसन ओढ्याच्या वाटेने एकटाच निघतो. त्याचे पाय भिजतात, बोटे बधिर होतात, त्याला आग पेटविता येत नाही, आणि तो प्राणास मुकतो. त्याच्याबरोबरचा कुत्रा मात्र वाचतो. ही कथा जॅकने पूर्वीही एकदा मुलांसाठी लिहिली होती. तिच्यात त्याने नायकाला जगविले होते. परंतु निसर्ग नवख्याची गय करीत नाही, हे सत्य त्याने दुसऱ्या वेळी निर्भीडपणे मांडले.

जॅक लंडन २२ नोव्हेंबर १९१६ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी मरण पावला. रोज सुमारे एक हजार शब्द लिहिण्याचा नेम त्याने वर्षानुवर्षे पाळला आणि पन्नासांवर पुस्तके लिहिली. सन १९६० नंतरच्या दशकात हेंडरसन ओढ्याकाठची त्याची जुनी झोपडी सापडली. तिचे ओंडके दोन ठिकाणी वाटून दोन झोपड्या उभारण्यात आल्या. एक डॉसन येथे आहे, तर दुसरी ओकलंड येथे. ज्या ओढ्याने जॅकला सोने दिले नाही, त्याच्या काठचे लाकूडही लोकांना असे जपून ठेवावेसे वाटले.

क्लोंडाइकला गेलेल्या हजारो लोकांनी तोच बर्फ तुडविला आणि त्याच कहाण्या ऐकल्या. त्यांपैकी बहुतेकांना वाटले की आपण सारे काही गमावले. जॅकने मात्र ऐकलेले विसरले नाही आणि सोसलेले व्यर्थ जाऊ दिले नाही. अनुभव सर्वांच्याच वाट्याला येतात. ते विरजणासारखे जपून ठेवणारा मात्र विरळा!